हिपोकॅम्पस दुखावलेल्या उंदराची आठवण कशी तपासायची

हे लिहितेय ते बेळगाव, खानापूर, निपाणी, चिक्कोडीकडच्या त्या मुलामुलींसाठी, जी दहावीपर्यंत मराठी शाळेत शिकली, पुढे सगळं इंग्रजीत रेटलं आणि आता एम.फार्म.च्या थिसिसला गाईडनी ‘लर्निंग अँड मेमरी’ हा विषय हातात ठेवलाय. सिनॉप्सिस कसाही जुळवता येतो. अडतं ते उंदीर समोर आल्यावर. हिपोकॅम्पस म्हणजे मेंदूच्या आतला, नव्या घटना आणि जागा लक्षात ठेवायला लागणारा भाग; त्याला इजा करून उंदराची आठवण किती उरते ते बघायचं असतं. मी उमेदीची वर्षं फार्माकॉलॉजी शिकवण्यात घातली, त्यातला बराच वेळ अ‍ॅनिमल हाउसमध्ये ओल्या टॉवेलांच्या वासात गेला. त्या जोरावर एक गोष्ट आधीच सांगते. उंदराला आठवतं की नाही हे कुणालाच दिसत नाही. दिसतं ते एवढंच, की तो कुठे गेला आणि किती वेळात गेला. त्याला दिसत नसेल, नीट पोहता येत नसेल, तो गारठला असेल, घाबरला असेल. हे सगळं एकेक करून बाजूला काढायचं, मग उरेल तो विसर.

परवानगीचं आधी उरकून घ्या. प्राण्यांच्या छळाला बंदी घालणारा कायदा १९६० चा, प्रयोगांवर देखरेख ठेवणारे नियम १९९८ चे. त्यांप्रमाणे कॉलेजच्या प्राणी नीतिसमितीकडे फॉर्म बी भरून, मंजुरी हातात आल्याशिवाय एकाही उंदराला हात लावायचा नाही. समिती विचारणारच, की गटात इतके उंदीर का, कमी का नाहीत. ‘मागच्या बॅचनं तेवढेच घेतले होते’ हे उत्तर चालत नाही. किती फरक दिसला तर तो खरा मानायचा, यावरून संख्या काढा, स्टॅटिस्टिक्सवाल्या सरांकडे त्यासाठीच जायचं असतं, शेवटी नव्हे. आणि हो, ‘मॅडम, गावाकडं भाताच्या गंजीत पाहिजे तेवढे सापडतात, आणू काय ओ?’ असं विचारणारा एखादा भेटतोच. नका आणू. त्यांचं वय माहीत नाही, लेप्टोची (उंदरांच्या लघवीतून पसरणाऱ्या तापाची) भीती, आणि हातात धरल्यावर ते जे करतात त्याला शिकणं म्हणत नाहीत. नोंदणी असलेल्या ब्रीडरकडचे विस्टार, म्हणजे प्रयोगशाळेतले पांढरे उंदीर, घ्या.

इजा कुठे करायची, कशानं करायची

इथं थोडा इतिहास कळला नाही तर पुढचं सगळं यांत्रिक होतं. अमेरिकेत कार्ल लॅशले यांनी उंदरांच्या मेंदूच्या बाहेरच्या थराचे निरनिराळे तुकडे काढून त्यांना चक्रव्यूहात सोडलं. आठवण नेमकी कुठे ठेवलेली असते ते त्यांना शोधायचं होतं. १९२९ साली त्यांनी जे मांडलं ते असं: कुठला भाग काढला यापेक्षा किती काढला यावर चुका ठरतात. जागा काही सापडली नाही. यातली मेख चक्रव्यूहातच होती. उंदीर तो रस्ता डोळ्यांनी शोधू शकतो, नाकानं, मिशांनी, अंगाच्या वळणाच्या सवयीनं. एक वाट बुजवली की तो दुसरी काढतो. तुम्ही निवडलेली चाचणी जर चार तऱ्हांनी सुटत असेल, तर मेंदूचा एक भाग दुखावून तुम्हाला फारसं काही दिसणार नाही.

मग १९५३ साली विल्यम स्कोव्हिल या सर्जननी फिट्स येणाऱ्या एका तरुणाच्या मेंदूतला दोन्ही बाजूंचा हिपोकॅम्पस आणि आसपासचा भाग काढला. फिट्स कमी झाल्या, पण त्या माणसाच्या डोक्यात नवी घटना टिकेना. ब्रेंडा मिल्नर यांनी त्याला आरशात बघून चांदणी गिरवायला दिली, तेव्हा त्याचा हात दिवसागणिक सुधारत गेला. आणि रोज तो म्हणायचा की हे मी पहिल्यांदाच करतोय. म्हणजे आठवण ही एकच चीज नाही. घटना वेगळी, हाताची सवय वेगळी, भीती वेगळी. हे ध्यानात ठेवून चाचणी निवडा.

इजा करण्याच्या पद्धती बऱ्याच आहेत. विजेच्या तारेनं जाळतात, पण त्यात तिथून नुसते जाणारे मज्जातंतूही मरतात. आयबोटेनिक आम्लासारखं रसायन सुईनं सोडलं तर पेशी मरतात आणि वाटसरू तंतू बहुतांशी वाचतात, म्हणून हिपोकॅम्पसच्या कामात ते चांगलं. वजन पाडून किंवा पाण्याच्या दाबाचा धक्का देऊन केलेली इजा ही अपघातासारखी पसरट असते. पुणे-बेंगळुरू हायवेवर हेल्मेटशिवाय पडलेल्या माणसाला काय होतं हा तुमचा प्रश्न असेल तर ती पद्धत घ्या, पण मग ‘हिपोकॅम्पसमुळेच’ असं म्हणायचा हक्क राहत नाही. आपल्याकडे फार्मसीत सर्रास वापरतात ते स्कोपोलामाइन, किलोला १ मिलिग्रॅम. त्यानं अ‍ॅसिटिलकोलिनचे मस्करिनिक रिसेप्टर, म्हणजे मेंदूपेशींमधल्या या निरोप्या रसायनाला पकडणाऱ्या जागा, तेवढ्यापुरत्या अडतात आणि उंदीर शिकण्यात कमी पडतो. ब्राह्मीचा अर्क तपासायला ते सोयीचं आहे. पण औषध उतरलं की परिणाम उतरतो. त्याला थिसिसमध्ये मेंदूची इजा लिहू नका. परीक्षक बरा असेल तर हसेल, नसेल तर काय करेल ते बघा.

शस्त्रक्रियेची शिकवणी कागदावर होत नाही, ती पशुवैद्य आणि हात बसलेला माणूस शेजारी असतानाच घ्या. भूल आणि नंतरचं वेदनाशामक यांचे डोसही तेच ठरवतील. मी फक्त ज्या गोष्टी हमखास सुटतात त्या सांगते. स्टिरिओटॅक्सिकचे (डोकं घट्ट धरून सुई ठरल्या जागी नेणाऱ्या चौकटीचे) आकडे उंदराच्या मेंदूच्या ज्या पॅक्सिनोस-वॉटसन अ‍ॅटलासवरून घेता, तो साधारण २९० ग्रॅमच्या नर विस्टारांवर बेतलेला आहे. तुमचा उंदीर १८० ग्रॅमचा असेल तर सुई भलतीकडेच जाईल. इजा दोन्ही बाजूंना करा, एका बाजूचा हिपोकॅम्पस शाबूत राहिला तर तो बरंच निभावून नेतो. जागेच्या आठवणीसाठी वरचा, पाठीकडचा भाग जास्त महत्त्वाचा, हे मोझर दांपत्यानं १९९३ साली दाखवलं. आणि शॅम गट पाहिजेच: तीच भूल, तेच छिद्र, तीच सुई, फक्त औषधाच्या जागी सलाइन.

केटामाइनच्या भुलेत उंदराचे डोळे उघडेच राहतात. निपाणीच्या एका मुलीचे दोन उंदीर चाचणीच्या पाण्याच्या टाकीत नुसते घिरट्या घालायचे. तिनं वहीत लिहिलं, ‘तीव्र स्मृतिभ्रंश’. मी म्हटलं, उजेडात धर की जरा. एका डोळ्याच्या बुबुळावर दुधाळ ठिपका, दुसऱ्यावर अख्खा पडदा. ऑपरेशनच्या वेळी डोळ्यांत मलम घातलं नव्हतं, बुबुळं सुकली होती. मेडिकलमध्ये मिळणारी मलमाची एक नळी सगळ्या बॅचला पुरते.

जखम भरायला निदान एक-दोन आठवडे द्या. त्या काळात सगळे गट सारख्याच पिंजऱ्यात, सारख्याच सोबतीत ठेवा. डोनाल्ड हेब यांनी १९४७ साली घरात मोकळे वाढवलेले उंदीर पिंजऱ्यातल्यांपेक्षा लवकर शिकतात असं नोंदवलं, पुढे बर्कलेत खेळणी आणि सोबती यांनी मेंदूचा थरसुद्धा जाड होतो हे दिसलं. तुमच्या इजेच्या गटाला दया येऊन कुणी नळकांडी आणि कागदाचे बोळे दिले, तर तोही एक उपचारच झाला. द्यायचे तर सगळ्यांना द्या.

टाकी

रिचर्ड मॉरिस यांनी १९८१ साली पाण्याची टाकी पुढे आणली, ती मला सगळ्यात प्रामाणिक चाचणी वाटते. गोल टाकी, गढूळ पाणी, पाण्याखाली लपलेला छोटा चौथरा. उंदराला पोहता येतं पण आवडत नाही, त्यामुळे त्याला उपाशी ठेवावं लागत नाही. पाण्यात वासाचा माग राहत नाही. चौथरा दिसत नाही. उरतात भिंतींवरच्या खुणा, आणि त्यांच्या आधारानं ‘तो तिथं आहे’ हे ठाऊक असणं. लॅशलेंच्या उंदरांनी ज्या पळवाटा काढल्या त्यातल्या बऱ्याच इथं बंद होतात.

टाकी विकत घेऊ नका, महाग पडते. उद्यमबागेतल्या एखाद्या फॅब्रिकेटरकडून पत्र्याची करून घ्या: व्यास १८० सेंटिमीटरच्या आसपास, उंची ६०, आतून कड गुळगुळीत. खाली पाणी सोडायचा कॉक हवाच, नाहीतर रोज बादलीनं उपसत बसाल. चौथरा १० सेंटिमीटर व्यासाचा, वर खरबरीत, पाण्याखाली दीड-दोन सेंटिमीटर.

पाणी गढूळ करायला नंदिनीची दूध पावडर चालते. पण दोन भानगडी आहेत. एक, दुसऱ्या दिवशी ती आंबते, आणि मे महिन्यात तर संध्याकाळीच वास सुटतो. पाणी रोज बदला. दोन, पांढऱ्या पाण्यात पांढरा विस्टार कॅमेऱ्याला सापडत नाही. स्टॉपवॉचवर काम असेल तर ठीक, व्हिडिओ ट्रॅकिंग असेल तर टाकी काळी रंगवा आणि पाण्यात बिनविषारी काळा रंग घाला. रंगाच्या डब्यावर ‘नॉन-टॉक्सिक’ लिहिलेलं बघून घ्या, उंदीर ते पाणी गिळतात.

पाण्याचं तापमान २२ ते २६ अंश. मी २५ वर ठेवते. बेळगावात डिसेंबर-जानेवारीत सकाळी टाकीतलं पाणी हाताला झोंबतं, त्यात पोहून उंदीर आखडतो, मग तरंगतो, आणि वहीत त्याचा विसर म्हणून आकडा पडतो. कॉइलनं गरम करा, पण उंदीर सोडण्याआधी प्लग काढून कॉइल बाहेर. प्रत्येक फेरीपूर्वी थर्मामीटर बुडवून आकडा लिहा. बाहेर आल्यावर टॉवेलनं पुसून दिव्याखाली ठेवा.

खुणा मोठ्या लावा. विस्टारसारख्या गुलाबी डोळ्यांच्या उंदराची नजर अधू असते, ए-फोर कागदावर काढलेलं फूल त्याला दिसत नाही. काळ्या कार्डबोर्डचा हातभर त्रिकोण, रुंद पट्ट्यांची चादर, असलं काहीतरी. एकदा लावलं की प्रयोग संपेपर्यंत हलवायचं नाही. तुम्ही स्वतःसुद्धा खूणच आहात. रोज त्याच कोपऱ्यात, त्याच स्टुलावर बसा. पावसाळ्यात खिडकीतला उजेड तासातासाला बदलतो, जाड पडदा टाका. मध्येच लाइट गेली तर ती फेरी बाद, आणि बाद केली असं वहीत लिहा.

आता रोजचं काम. पहिल्या दिवसाआधी आठवडाभर उंदीर हातात घ्यायची सवय करा. घाबरलेला उंदीर भिंत सोडत नाही. मग ५ दिवस, दिवसाला ४ फेऱ्या. चौथरा एकाच जागी, सोडायची बाजू प्रत्येक फेरीत वेगळी, आणि सोडताना तोंड भिंतीकडे. ६० किंवा ९० सेकंद, जे ठरवाल ते शेवटपर्यंत. सापडला नाही तर हातानं हळूच चौथऱ्यावर न्या. वर २० सेकंद बसू द्या. तो मागच्या पायांवर उभा राहून मान फिरवतो, खोली बघतो, तेव्हाच शिकणं होत असतं. घाईत उचलून नेणारे विद्यार्थी नेमकं तेच हिसकावून घेतात.

सहाव्या दिवशी चौथरा काढून घ्या आणि ६० सेकंद सोडा. टाकीचे मनानं चार भाग केलेत, तर नुसत्या योगायोगानंही १५ सेकंद चौथऱ्याच्या भागात जातातच. धड उंदीर त्याहून बराच जास्त वेळ तिथंच चकरा मारतो, नेमक्या जागेवरून पुन्हा पुन्हा जातो. नंतर चौथरा पाण्याच्या वर आणा, त्यावर रंगीत झेंडी लावा, दर फेरीला जागा बदला. हा झेंडीचा भाग वेळ नाही म्हणून गाळतात. सगळं गाळा, हे गाळू नका. मॉरिस आणि सहकाऱ्यांच्या १९८२ च्या प्रयोगाचं बळ त्यातच होतं. हिपोकॅम्पस काढलेले उंदीर लपलेला चौथरा शोधताना सपशेल अडखळले, दिसणारा चौथरा मात्र त्यांनी गाठला. म्हणजे डोळे ठीक, पाय ठीक, बाहेर पडायची इच्छा ठीक. गेलं ते जागेचं भान.

आकडे वाचताना

नुसत्या सेकंदांवर विश्वास ठेवू नका. हिपोकॅम्पस नसलेल्या उंदराचे सेकंदही पाच दिवसांत उतरतात. कसे, ते पोहण्याचा माग बघितल्यावर कळतं. पहिल्या दिवशी तो भिंतीला घासून गोल गोल जातो. मग कधीतरी भिंत सोडतो आणि चौथरा भिंतीपासून जेवढ्या अंतरावर आहे, तेवढ्या अंतरावर रिंगण धरतो. फिरत फिरत धडकतो त्यावर. पाचव्या दिवशी हे रिंगण तो इतक्या सफाईनं मारतो की १५-२० सेकंदांत काम होतं. ग्राफ खाली जातो आणि विद्यार्थी लिहितो, ‘शिकला’. काहीतरी शिकला हे खरंच आहे. जागा शिकला नाही. चौथरा काढल्यावर तो चारी भागांत सारखाच फिरतो, तेव्हा ते उघडं पडतं.

उलटही होतं. वेग कमी झाला तर आठवण शाबूत असून सेकंद वाढतात. म्हणून अंतर आणि वेग दोन्ही काढा. सरळ पण संथ गेलेला उंदीर विसरलेला नव्हे.

इजा शिकण्याआधी की नंतर, हा प्रश्न वेगळा. आधी केलीत तर नवं शिकता येतं का ते कळतं. नंतर केलीत तर साठलेलं टिकतं का ते. किम आणि फॅन्सेलो यांनी १९९२ साली उंदरांना एका पेटीत आवाज ऐकवून सौम्य शॉक दिला आणि हिपोकॅम्पसला इजा केली, काहींना दुसऱ्या दिवशी, काहींना मधे काही दिवस सोडून, शेवटच्या गटाला २८ दिवसांनी. पहिल्यांना पेटीची भीती आठवेना; २८ दिवसांवाल्यांना आठवली. आवाजाची भीती सगळ्यांत टिकली, कारण तिचं काम अमिग्डाला या मेंदूतल्या भीतीच्या भागाकडे. अपघातातनं उठलेला माणूस त्या आठवड्याचं काही सांगू शकत नाही पण शाळेतल्या बाईंचं नाव सांगतो, त्याच्याशी हे जुळतं. मात्र हा नियम सरसकट लावू नका. पाण्याच्या टाकीत बऱ्याच प्रयोगशाळांना जुनी आठवणसुद्धा वाचलेली दिसली नाही. रस्ता काढायला हिपोकॅम्पस त्या क्षणीही लागतो, असं त्याचं एक स्पष्टीकरण देतात.

सवय आणि जागा यांची ओढाताण बघायची असेल तर अधिक-चिन्हाच्या आकाराचा साधा लाकडी मार्ग पुरे. पॅकार्ड आणि मॅकगॉ यांचा १९९६ चा प्रयोग मी दर बॅचला फळ्यावर काढून दाखवायची. उंदराला दक्षिणेकडून सोडून पश्चिमेच्या टोकाला खाणं. मग चाचणीला उत्तरेकडून सोडायचं. ८ व्या दिवशी बहुतेक उंदीर खाण्याच्या जागेकडेच गेले, म्हणजे जागा लक्षात होती. १६ व्या दिवशी बहुतेकांनी नेहमीसारखं डावं वळण घेतलं आणि चुकीच्या टोकाला पोचले. तिलकवाडीत घर बदललेला माणूस बाजारातनं येताना डोक्यात दुसरंच काही असलं की जुन्याच गेटकडे गाडी वळवतो, तसं. आता गंमत पुढे आहे. १६ व्या दिवशी त्यांनी कॉडेट नावाचा सवयीचा भाग लिडोकेननं थोडा वेळ बधिर केला, तर उंदीर पुन्हा जागेकडे गेले. जागेची आठवण गेली नव्हती, सवयीखाली दबली होती. ८ व्या दिवशी हिपोकॅम्पस बधिर केला तेव्हा ना जागा, ना वळण, काहीच ठरेना. थिसिसमध्ये किती दिवस शिकवलं हा आकडा ठळक का लिहायचा, ते यावरून कळेल. जास्त शिकवलेला उंदीर वेगळ्याच भागानं उत्तर देत असतो.

पैसा आणि जागा दोन्ही नसेल तर वस्तू ओळखण्याची चाचणी करा, एनासर आणि डेलाकूर यांची, १९८८ ची. दोन सारख्या वस्तू दाखवायच्या, काही वेळानं एक बदलायची, उंदीर नवी जास्त हुंगतो का बघायचं. स्टीलचा पेला आणि काचेची बाटली चालते. दर उंदरानंतर स्पिरिटनं पुसा, नाहीतर तो आधीच्या उंदराचा वास हुंगत बसतो. हिचा भार मुख्यतः हिपोकॅम्पसशेजारच्या पेरिऱ्हायनल कॉर्टेक्सवर असतो, तेव्हा इथं उंदीर पास झाला म्हणून हिपोकॅम्पस ठीक असं समजू नका.

कोणता उंदीर कुठल्या गटातला हे मोजणाऱ्याला कळता कामा नये. पिंजऱ्यावर नुसते नंबर, गटांची यादी गाईडच्या कपाटात. आणि शेवटी मेंदू काढून, काप घेऊन, क्रेसिल व्हायोलेटनं रंगवून इजा खरंच कुठे झाली ते बघायचंच. सुई भलतीकडे गेलेले उंदीर वगळायचे, पण वगळण्याचा नियम टाकीचे आकडे बघायच्या आधी लिहून, तारीख घालून ठेवायचा. नाहीतर नको असलेले उंदीरच नेमके ‘भलतीकडे’ गेलेले सापडतात.

निकालात ‘स्मृती नष्ट झाली’ असं लिहू नका. असं लिहा: दोन्ही बाजूंच्या पाठीकडच्या हिपोकॅम्पसला इजा झालेल्या उंदरांनी लपलेल्या चौथऱ्याच्या भागात योगायोगाइतकाच वेळ घालवला, दिसणारा चौथरा शॅम गटाइतक्याच वेळात गाठला, पोहण्याच्या वेगात फरक नव्हता. एवढी तीन वाक्यं ज्याला आकड्यांसकट लिहिता आली, त्याची व्हायव्हा मी कधी लांबवली नाही. रंगवलेल्या स्लाइड्स मात्र डिग्री हातात येईपर्यंत जपून ठेवा, परीक्षक आधी त्याच मागतात.